तंतुमेघ आणि हवेची हालचाल (कोकण किनारा)

तंतुमेघ, म्हणजेच सिरस, आणि त्याच्या जातकुळीतले ढग मुख्यतः बर्फाच्या स्फटिकांचे असतात. कोकण किनाऱ्यावर ते साधारणपणे 9 ते 16 किमी उंचीवर दिसतात. हवेत बाष्प किती आहे यावर त्यांचे रूप ठरते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हवा किती वेगाने वर चढते, याला त्याहून अधिक महत्त्व आहे.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर साडेपाच किमीच्या आसपास तापमान शून्य अंशावर येते, पण तेवढ्याने थेंब गोठत नाहीत. धुळीचे योग्य कण न मिळाल्यास ते उणे 38 अंशांपर्यंत द्रवच राहू शकतात. त्याहून थंड हवेत क्षारयुक्त सूक्ष्म थेंब आपोआप गोठतात. मात्र त्यासाठी बर्फाच्या तुलनेत आर्द्रता दीडशे टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बर्फाशी समतोल राखणाऱ्या बाष्पाच्या जवळपास दीडपट, जावी लागते. धुळीचा आधार असला तर कमी आर्द्रतेतही काम भागते.

ही आर्द्रता वाढते ती हवा वर चढून थंड झाल्यामुळे. सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने चढणारी हवा तासाभरात 360 मीटर वर जाते आणि सुमारे साडेतीन अंशांनी थंड होते. पहिले स्फटिक तयार झाले की ते भोवतीचे बाष्प ओढून घेऊ लागतात. चढ संथ असेल, तर ही ओढ हवेच्या थंड होण्याला पुरून उरते आणि नवे स्फटिक बनणे थांबते. मग थोडे, पण मोठे स्फटिक उरतात. ते खाली घसरतात आणि वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलत असल्याने त्यांच्या घसरणीच्या रेघा वाकतात. आकाशात दिसणारी आकडेबाज शेपटी ती हीच. चढ वेगवान असेल तर बाष्प संपण्याआधीच असंख्य बारीक स्फटिक जन्मतात आणि ढग दाट, पांढराशुभ्र होतो.

एवढ्या उंचीवर मोठ्या प्रदेशाचा सरासरी चढ सेकंदाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर असतो. खरी उलथापालथ करतात त्या गुरुत्व तरंगांच्या, म्हणजे ढकललेली हवा वर-खाली हेलकावत राहिल्याने पसरणाऱ्या, लहरी. सह्याद्रीवर वारा आदळून अशा लहरी उठतात हे खरे, पण पावसाळ्यात त्या तंतुमेघांपर्यंत पोहोचत नाहीत. खालचा नैर्ऋत्य वारा साधारण सहा-सात किमीवर मावळतो आणि त्यावर पूर्वेचा वारा सुरू होतो. जागीच उभ्या राहणाऱ्या डोंगरी लहरी या सीमेवर विरतात. तेव्हा 'घाटामुळे उंच ढग' हे स्पष्टीकरण निदान या ऋतूत टिकत नाही. वर पोहोचतात त्या मुख्यतः गडगडाटी ढगांनी उठवलेल्या लहरी.

त्याच पूर्वेच्या वाऱ्याचा गाभा म्हणजे उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह, उंचावरचा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये त्याचे वर्णन केले. जून ते सप्टेंबर या काळात तो दक्षिण भारतावर 14 ते 16 किमीच्या आसपास वाहतो. पावसाने उघडीप दिली की हर्णै किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दोन मजल्यांचे आकाश पाहता येते: काळे ढग समुद्रावरून घाटाकडे धावताहेत आणि त्यांच्या फटींतून दिसणारे पांढरे तंतू उलट समुद्राकडे सरकताहेत. वरचे संथ वाटतात ते केवळ अंतरामुळे. वेग त्यांचाच जास्त असतो.

परतीच्या पावसात चित्र बदलते. भातकापणीच्या सुमारास दुपारी घाटमाथ्यावर क्युम्युलोनिम्बस, म्हणजे उंच गडगडाटी ढग, उभा राहतो. त्यात हवा सेकंदाला 10 मीटर किंवा त्याहूनही वेगाने चढते. वर तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, वरच्या सीमेला अडून ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर कोकणावर येतो. आधी पांढरी चादर, मग काही वेळाने गडगडाट, हा क्रम शेतात पेंढ्या बांधणाऱ्यांना सांगावा लागत नाही. ऐरणीतले बरेचसे स्फटिक मूळचे गोठलेले थेंब असतात; जागच्या जागी जन्मलेल्या तंतुमेघापेक्षा त्यांची घडण वेगळी.

चक्रीवादळात खालचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, तर माथ्यावरून बाहेर पडणारी हवा केंद्रापासून दूर जाताना घड्याळाच्या दिशेने वळते. म्हणून 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'सारख्या वादळाच्या कडेने तंतूंचे पंखे पसरतात.

हिवाळ्यात उपोष्ण पश्चिमी जेटच्या कडेने विरळ पट्टे येतात. त्यांतून ऊन बिनदिक्कत उतरते, फक्त सूर्याभोवती कधी 22 अंशांचे खळे पडते.

उपग्रहाचे इन्फ्रारेड चित्र वाचताना हे सारे लक्षात घ्यावे लागते. त्यात सर्वांत थंड, म्हणून सर्वांत पांढरा दिसणारा भाग बहुधा वाऱ्याने पसरवलेली ऐरण असते. कोकणातला धुवाधार पाऊस मात्र अनेकदा घाटाला अडलेल्या, तुलनेने बुटक्या ढगांतून पडतो, आणि ते त्या चित्रात फिकट राखाडीच उमटतात.