व्हाळाकाठी कॅराव्हॅन उभ्या करायच्यात? आधी एक-चौदा वाचा

पाऊस ओसरला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्यांची (माड-पोफळीच्या बागा असलेल्यांची) विचारणा सुरू होते. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी मोकळी जागा आहे, पर्यटकांच्या कॅराव्हॅन आणि ट्रेलर तिथे मुक्कामाला घेतले तर परवाना काय लागेल? परवान्याचा अर्ज अवघड नाही. आपली माणसं अडतात ती जमिनीच्या कागदावर.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, काढा आणि त्यातले कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे रकाने नीट वाचा. घरपट्टी आणि वीजबिल तुमच्या नावावर असलं म्हणून जमीन तुमची ठरत नाही. गेल्या हंगामात एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला उतारा, घडीवरची अक्षरं पुसलेली. कब्जेदार म्हणून सासऱ्यांचं नाव, आणि त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली. मावशींनी खडी टाकून घेतली होती, पाहुण्यांसाठी संडासही बांधला होता. अर्ज परत आला. नवऱ्याला तीन भाऊ, त्यातला एक मस्कतला. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर सहसा नवरा-बायको दोघंही मालमत्तेचे वाटेकरी असतात, त्यामुळे दिराची सही आणली तरी जावेची राहतेच. परदेशातून मुखत्यारपत्र यायला महिने जातात. म्हणून आधी वारसा लेख किंवा इन्व्हेंतारियो (कोर्टातली वारसांच्या वाटणीची कारवाई), मग मुटेशन (उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं), मग अर्ज. खडी सगळ्यात शेवटी.

सत्तरीत याहून मोठा पेच मोकासो (मोकासदाराला इनाम मिळालेल्या) आणि आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) जमिनींचा आहे. काजू आजोबांनी लावले, राखण आपण केली, पण कब्जेदाराच्या रकान्यात मोकासदाराचं किंवा सरकारचं नाव. तो प्रश्न सुटल्याशिवाय तिथे पैसा घालू नका. जमीन कूळ म्हणून मिळालेली असेल तर १९९१ चा जमीन वापर कायदा शेतीशिवाय दुसरा वापर करू देत नाही. एवढी एक ओळ अर्जावर ठळक छापली तर कितीतरी माणसांचे हेलपाटे वाचतील. ती छापत नाहीत, आणि बिचाऱ्या माणसाला पाचव्या फेरीला खिडकीवर कळतं. याचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या शेतजमिनीवर हा धंदा करायचा तर नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला (जमीन कोणत्या विभागात येते त्याचा) आणि महसूल संहितेच्या कलम ३२ खालची सनद, म्हणजे वापर बदलायची परवानगी, हवी. ‘गाडी नुसती उभी राहणार, बांधकाम कुठे आहे?’ असं म्हणून भागत नाही, कारण प्रश्न वापराचा आहे.

पंचायतीचा ना हरकत दाखला हवा असेल तर अर्ज पंधरवड्याच्या बैठकीआधी पोचवा आणि पोच घ्या. पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे म्हणजे पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी आली. आधार, फोटो, सर्व्हे आराखडा हे नेहमीचंच. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करायची, ती विसरू नका. स्वतःची गाडी भाड्याने देणार असाल तर ट्रेलरची आरसी वेगळी असते आणि ती खाजगी वापराची असून चालत नाही. जुन्या गाडीची कॅराव्हॅन केली असेल तर तो बदल आरसीवर चढवून घ्या.

आता वनखातं. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं, आणि गावंच्या गावं त्यात आहेत. आपला सर्व्हे नंबर हद्दीच्या आत की बाहेर, हे वनखात्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘बाहेर आहे’ यावर विसंबलेले लोक मी रडताना पाहिलेत. आत असेल तर पंचायतीच्या दाखल्याने काम होत नाही. पाहुण्यांनाही सांगून ठेवा की पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली तर दंड होतो.

आराखड्यात गाड्यांची जागा दाखवताना व्हाळाला चिकटून दाखवू नका. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदीचं पाणी सत्तरीत घरांत शिरलं, भिंती कोसळल्या. त्या दिवशी तुमच्या माडाच्या बुंध्याला पाणी कुठवर लागलं होतं ते घरातल्या थोरांना विचारा, तिथे खूण करा आणि गाड्यांची जागा त्या खुणेच्या वरच आखा.