त्रिकोणांचे डोंगर, कललेलं ऊन

गेममधला डोंगर बहुतेक वेळा आतून त्रिकोणांचाच असतो. कागदाला घड्या घालून केल्यासारखे दिसणारे, ठळक पैलूंचे ‘लो-पॉली’ (मोजक्या त्रिकोणांचे) डोंगर पाहिले की वाटतं, त्रिकोण कमी केले म्हणजे हे रूप आपोआप येत असेल. तसं होत नाही. तेच त्रिकोण, तेवढीच संख्या ठेवून डोंगर गुळगुळीतही दाखवता येतो आणि पैलूदारही. फरक पडतो तो स्तंभिकेमुळे.

शाळेत परावर्तनाच्या आकृतीत पृष्ठभागाला काटकोनात काढायची रेषा, तीच ही स्तंभिका. गेम बनवणारे तिला नॉर्मल म्हणतात. योहान लाम्बर्टने १७६० साली मांडलेला नियम आजही गेम इंजिनांच्या, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, पोटात आहे: चकाकी नसलेला पृष्ठभाग किती उजळेल, हे स्तंभिका आणि प्रकाशकिरण यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनवर ठरतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की स्तंभिका घ्यायची कुणाची? अख्ख्या त्रिकोणाची, की त्याच्या एकेका शिरोबिंदूची?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात संगणकी चित्रांवर काम करणाऱ्यांना पैलू नकोसे झाले होते. दोन सपाट छटा शेजारी आल्या की आपले डोळे त्यांच्यातली सीमा आहे त्याहून ठळक करून दाखवतात. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखने हा परिणाम एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. आंरी गूरोने १९७१ मध्ये तोडगा काढला. एका शिरोबिंदूला भिडणाऱ्या सगळ्या त्रिकोणांच्या स्तंभिकांची सरासरी घ्यायची, तिथली छटा काढायची आणि त्रिकोणाच्या आत ती हळूहळू मिसळत न्यायची. १९७३ मध्ये बुइ तुओंग फोंगने छटेऐवजी स्तंभिकाच मिसळल्या. पुढे ही पद्धतच रूढ झाली. म्हणूनच युनिटी या गेम इंजिनात त्रिकोणांना सामायिक शिरोबिंदू दिले आणि इंजिनाला स्तंभिका काढायला सांगितल्या, की सरासरीच हाती येते आणि मोजक्या त्रिकोणांचा डोंगर लिबलिबीत दिसतो.

पैलू हवे असतील तर शिरोबिंदू फोडावे लागतात. १०० × १०० चौकोनांची जाळी घ्या. तिच्यात २०,००० त्रिकोण असतात आणि सामायिक शिरोबिंदू १०,२०१. पण प्रत्येक त्रिकोणाला त्याची स्वतःची स्तंभिका द्यायची, तर त्याला स्वतःचे तीन शिरोबिंदू हवेत, म्हणजे ६०,०००. साध्या दिसणाऱ्या डोंगराला गुळगुळीत डोंगराच्या जवळजवळ सहापट बिंदू लागतात! इथे एक अडचणही दबा धरून असते. युनिटीची मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, शिरोबिंदूंसाठी मुळात १६ बिटांचे क्रमांक वापरते, त्यामुळे ६५ हजारांच्या थोडं पुढे मर्यादा येते. १०४ × १०४ ची जाळी ६४,८९६ बिंदूंत बसते, १०५ × १०५ ला ६६,१५० लागतात. क्रमांक ३२ बिटांचे करा, नाहीतर भूप्रदेशाचे तुकडे पाडा.

दुसरी वाट शेडरमधून, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालून पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून जाते. ग्राफिक्स कार्ड पिक्सेल दोन-बाय-दोनच्या गटात हाताळतं, त्यामुळे शेजारच्या पिक्सेलकडे जाताना पृष्ठभागावरची जागा किती बदलते हे त्याला कळतं. आडव्या आणि उभ्या बदलाचा सदिश गुणाकार (दोन्हींना काटकोनातली दिशा देणारा) केला की त्रिकोणाची खरी स्तंभिका मिळते, बिंदू न फोडता. गोडो या दुसऱ्या इंजिनातही हे जमतं. तरी मी बिंदू फोडण्याच्याच बाजूचा आहे, कारण सामायिक शिरोबिंदूंना दिलेले रंग एकमेकांत मिसळतात, आणि या शैलीत प्रत्येक पैलूला एकच रंग हवा.

हा रंग ठरवायलाही स्तंभिका कामी येते. तिचा उभा घटक म्हणजे उताराच्या कोनाचा कोसाइन. तो ०.८ च्या वर, म्हणजे उतार साधारण ३७ अंशांपेक्षा कमी, तर गवत. त्याहून तीव्र उतार असेल तर कातळ. छायाचित्राचं आवरण चढवायची गरज पडत नाही.

उंचीसाठी बहुतेक जण पर्लिन नॉइज, म्हणजे सलग पण अनियमित चढउतार देणारी गणिती पद्धत, वापरतात. संगणकी चित्रांचा यंत्रासारखा चेहरा मोडावा म्हणून केन पर्लिनने ही पद्धत शोधली, तिच्यावरचा शोधनिबंध १९८५ मध्ये आला आणि १९९७ मध्ये तिला तांत्रिक ऑस्कर मिळालं. मोठ्या लाटांवर त्याहून लहान लाटा चढवत जायचं, पण लो-पॉलीमध्ये लवकर थांबायचं. चौकोन २ मीटरचा असेल तर ४ मीटरपेक्षा लहान चढउतार त्या जाळीत मावतच नाहीत. नुसती अणकुचीदार टोकं उरतात. शिवाय सगळ्या चौकोनांचे कर्ण एकाच दिशेने काढले तर अख्खा डोंगर विंचरल्यासारखा दिसतो. कर्णांची दिशा आलटून-पालटून ठेवावी आणि बिंदूही आडवे थोडेसे सरकवावेत.

एवढं करूनही डोंगर मेलेला दिसू शकतो, आणि माझ्या मते त्याचं कारण बहुधा सूर्य असतो. सूर्य थेट डोक्यावर ठेवला तर सपाट जमिनीची उजळी १, म्हणजे पूर्ण, येते आणि २० अंशांच्या प्रत्येक उताराची ०.९४, मग तो कुठल्याही दिशेला असो. पैलू असून नसल्यासारखे. आता सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आणा. सपाट जमीन ०.५ वर येते, सूर्याकडे तोंड केलेला तोच उतार ०.७७ वर आणि पाठ फिरवलेला ०.१७ वर. एकाही त्रिकोणाला हात न लावता दोन उतारांत साडेचारपट अंतर पडलं. म्हणून त्रिकोण वाढवण्याआधी सूर्य खाली आणून बघा.

पाठ फिरवलेले पैलू मात्र काळे पडू देऊ नयेत. खऱ्या डोंगराच्या सावलीतल्या बाजूलाही आकाशाचा निळसर प्रकाश मिळतच असतो. युनिटीत सभोवतालच्या प्रकाशाला आकाश, क्षितिज आणि जमीन असे तीन वेगळे रंग देता येतात. सूर्य पिवळसर, आकाश निळसर आणि जमिनीचा रंग गवताशी जुळता ठेवला, तर सावलीतले दोन शेजारी पैलूही नुसत्या रंगाच्या फरकाने वेगळे ओळखू येतात.