दांडी किती जाड?

परतवाड्याच्या भंगाराच्या दुकानात व्यायामाची एखादी जुनी वस्तू आली की दुकानदार मला फोन करतो. मी पोचेपर्यंत त्याने ती तराजूवर चढवलेली असते. मी मात्र आधी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतो आणि दांडीला लावतो.

"गुरुजी, मी किलोवर देऊन रायलो, तुमी हे काय मोजून रायले?"

मी मोजतो ती दांडीची जाडी. हाताची ताकद पाहणारी वस्तू किती कठीण आहे, हे तिच्या वजनावरून निम्मंच कळतं. उरलेलं निम्मं दांडीच्या व्यासात असतं, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. निवृत्त झाल्यापासून मी अशा वस्तू जमवतो: दगडी नाल, करेला नावाचा जड मुद्गल, मुद्गलांच्या विजोड जोड्या, मुठीत दाबायचे गंजलेल्या स्प्रिंगचे ग्रिपर. आमच्या अमरावती जिल्ह्यात त्या अजून सापडतात, कारण इथे गावोगावी आखाडे होते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले होते. आखाडे ओस पडले, पण त्यांचं सामान कुठे गोठ्यात, कुठे धान्याच्या कोठीमागे पडून राहिलं.

जाडीला एवढं महत्त्व का, हे समजायला आधी स्वतःचा हात तपासावा लागतो. उजवी मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरा. तिथे मांस टणक होऊन फुगलेलं लागेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे राहतात. तळहातात लहान स्नायू आहेत, अंगठ्याच्या बुडाशी चांगला मांसल उंचवटाही आहे. पण बोटांच्या पेरांना हलवेल असा एकही स्नायू बोटांमध्ये नाही. पेरं ओढली जातात ती लांबून, दोऱ्यांसारख्या कंडरांनी. आमच्या लहानपणचे वस्ताद म्हणायचे, "जोर मुठीत नसते बाप्पा, कोपराखाली असते." शरीररचनाशास्त्र त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण मूठ आवळणाऱ्या पोरांचे हात त्यांनी जन्मभर चाचपले होते.

मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून अशा ९ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. पुढे बोटांत शिरल्यावर प्रत्येक बोटाच्या हाडावर तंतुमय कड्या असतात आणि कंडरा त्या कड्यांतून ओवलेली असते, जसा बैलाचा कासरा कडीतून ओवलेला असतो. कडी तुटली तर कासरा लोंबतो आणि ओढ वाया जाते. बोटातही तसंच होतं. बोटांच्या टोकांवर लटकणाऱ्या गिर्यारोहकांच्या या कड्या कधीकधी खरोखर फाटतात.

आता दुसरा प्रयोग. मनगट आतल्या बाजूला, पूर्ण खाली वाकवा आणि तसंच ठेवून मूठ आवळा. जोर येत नाही. मनगट किंचित वर उचला, साधारण ३० अंश, आणि पुन्हा आवळा. फरक लगेच कळेल. मनगट खाली वाकलं की बोटं वाकवणारे स्नायू आधीच आखडून गेलेले असतात, त्यांना आणखी आखडायला जागा उरत नाही. शिवाय हाताच्या पाठीवरच्या कंडरा ताणल्या जाऊन मूठ उघडायला बघतात. म्हणून जड वस्तू धरताना मनगट वर तोलून धरणारे, कोपराच्या बाहेरच्या अंगाचे स्नायूही राबत असतात. दिवसभर कुऱ्हाड चालवल्यावर कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं, ते या स्नायूंचं दुखणं असतं.

स्नायू किती आखडलेला आहे यावर त्याचा जोर ठरतो, हे १९६६ साली गॉर्डन, हक्स्ली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या स्नायूच्या एकेका तंतूवर मोजून दाखवलं. स्नायूत दोन प्रकारच्या सूक्ष्म तारा एकमेकींत सरकतात. त्या फार एकमेकींवर चढल्या तरी जोर कमी, फार दूर गेल्या तरी कमी. मधल्या टप्प्यातच पुरा जोर मिळतो.

हेच दांडीला लावून पाहा. बारीक दांडी धरली की बोटं पार मिटतात आणि तारा एकमेकींवर चढतात. फार जाड धरली की बोटं अर्धवट उघडी राहतात. दवाखान्यात पकड मोजायला वापरतात त्या जमार नावाच्या यंत्राची मूठ म्हणूनच पाच टप्प्यांवर सरकवता येते, सुमारे ३५ मिलिमीटरपासून ८६ पर्यंत. बहुतेकांचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर सर्वाधिक येतो आणि मापनासाठी दुसरा टप्पा प्रमाण धरतात. शेवटच्या टप्प्यावर तोच माणूस, तोच हात, त्याच मिनिटाला कमजोर ठरतो.

माझ्याकडची नाल अशीच आहे. नाल म्हणजे दगडाचं जाड कडं, मधल्या पोकळीत आडवी दांडी. उचलायची ती त्या दांडीने, एका हाताने. ही नाल एका शेताच्या धुऱ्यावर अर्धी पुरलेली मिळाली. दांडी दगडातच कोरलेली आहे आणि जाडी भरली ५२ मिलिमीटर. ज्यांनी ती कोरली त्यांना बारीक दांडी करता आली नसती असं नाही. पण दगड बारीक केला तर तुटतो. दगडाच्या या अडचणीतून उचलणाऱ्याच्या बोटांची परीक्षा आपोआप तयार झाली, असं मला वाटतं. पुढे लाकडी दांडी घातलेल्या नालाही पाहिल्या. त्या वजनाला जास्त असूनही हाताला सोप्या जातात.

इंग्लंडमध्ये थॉमस इंच नावाच्या पहिलवानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गोष्टीवर नाव कमावलं. त्याचं ओतीव लोखंडाचं डंबेल १७२ पौंडांचं, म्हणजे सुमारे ७८ किलोचं होतं. जमिनीवरून दोन हातांनी ७८ किलो उचलणारे आजच्या कोणत्याही जिममध्ये भेटतील. पण या डंबेलची दांडी सुमारे ६० मिलिमीटर जाड आणि गुळगुळीत, दोन्ही टोकांना गोल गोळे. इंच आव्हान द्यायचा, एका हाताने उचलून दाखवा. आणि मोठमोठे ताकदवान तिथे हरायचे.

बारीक दांडीवर बोटं पलीकडून वळून येतात आणि अंगठा त्यांच्यावर चढून कुलूप लावतो. ६० मिलिमीटरच्या दांडीवर अंगठा बोटांना भेटतच नाही. कुलूप उघडंच राहतं. दुसरं म्हणजे गोळे असल्यामुळे डंबेल उचलताच हातात फिरू लागतं आणि बोटांची शेवटची पेरं उलगडत नेतं. हे फिरणं थांबवायला फक्त कातडीचं घर्षण आणि शेवटच्या पेरांचा जोर एवढंच उरतं. दंड, पाठ, मांड्या कितीही तयार असोत, त्यांच्यापर्यंत काम पोचतच नाही. फ्रान्सच्या अपोलॉन नावाच्या पहिलवानाची रेल्वेची चाकंही तशीच: वजन १६६ किलो, आस जवळजवळ ४९ मिलिमीटर जाड. ती डोक्यावर नेणारे मोजकेच निघाले. १९३० मध्ये शार्ल रिगुलो, १९४९ मध्ये जॉन डेव्हिस, १९५४ मध्ये नॉर्बर्ट शेमान्स्की.

आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणतात. ते नाव युजेन सँडो या पहिलवानाचं, जो १९०४-०५ च्या सुमारास भारतात दौऱ्यावर आला होता. त्याने विकायला काढलेल्या डंबेलची दांडी उभी चिरून दोन फाका केलेली असायची आणि फाकांमध्ये स्प्रिंगा. व्यायाम चालू असेपर्यंत फाका दाबून धरायच्या. त्या घडणीची एकच फाक माझ्याकडे आहे, स्प्रिंगा कधीच्या गळून गेल्या. तिच्यावरचा निकेलचा मुलामा मी घासत नाही. जुन्या वस्तूला पॉलिश केलं की ज्या जागी हात लागून झिजली ती जागा पुसली जाते, आणि मला तीच जागा हवी असते. लाकडाला मात्र वर्षातून एकदा जवसाचं तेल लावतो.

आजच्या स्पर्धांमध्ये स्प्रिंगचे ग्रिपर मिटवतात, लोखंडी पाट्या चिमटीत उचलतात, जाड आस जमिनीवरून उचलतात. अमेरिकेतल्या आयर्नमाइंड कंपनीचा कॅप्टन्स ऑफ क्रश हा ग्रिपर त्यात सर्वांत प्रसिद्ध. त्याचा चौथा क्रमांक ३६५ पौंडांचा मानतात; तो प्रमाणित रीतीने पहिल्यांदा मिटवला तो जो किनी नावाच्या माणसाने, १९९८ मध्ये. वरच्या क्रमांकांसाठी नियम असा की मिटवण्यापूर्वी ग्रिपरच्या मुठींमध्ये क्रेडिट कार्डाची आखूड बाजू, म्हणजे ५४ मिलिमीटर, मावली पाहिजे. त्याहून कमी उघडा ठेवून सुरुवात केली तर धरत नाहीत. तिथेही शेवटी प्रश्न अंतराचाच.

माप चुकलं की माणसांबद्दलचे निष्कर्ष कसे चुकतात, याचं जे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. १७९८ मध्ये पॅरिसच्या एडमे रेनिएने आपल्या शक्तिमापकाचं वर्णन छापलं: पोलादी पट्टीचं लांबट कडं, दाबलं की काटा सरकतो. यंत्र सुंदरच होतं. हाताची मूठही मोजायचं आणि घोड्याची ओढही. फ्रेंच मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या फ्रांस्वा पेराँने ते सोबत नेलं, टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोरमधल्या लोकांना दाबायला लावलं आणि युरोपियन माणूस जास्त बलवान असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी असं कडं कधी पाहिलं नव्हतं, ज्यांना ते का दाबायचं हे कळलेलं नव्हतं, त्यांच्या हातात एकाच मापाचं यंत्र दिलं आणि काट्याने दाखवला तो आकडा साऱ्या समाजाच्या नावावर लिहिला. पुढच्या अभ्यासकांनी त्या निष्कर्षांवर कडक टीका केली. शाळेत तीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्यामुळे असेल, पण मला अशा आकड्याचा अजून राग येतो.

पकडीचा आकडा नीट घेतला तर मात्र तो फार काही सांगतो. २०१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांचा अभ्यास आला. त्यात पकड ५ किलोने कमी असेल तर अभ्यासाच्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ ग्रिपर दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. मूठ हा सगळ्या शरीराच्या स्नायूंचा, खाण्यापिण्याचा, आजारपणाचा बाहेर दिसणारा काटा आहे, एवढंच. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोखाली आणि बाईची १८ किलोखाली असेल तर ती कमी समजून स्नायूंच्या झिजेची तपासणी करावी. आमच्या गावात साखर आणि रक्तदाब तपासायला शिबिर येतं. मूठ तपासायला अजून कुणी आलेलं नाही, आणि त्याला वीजही लागत नाही.

मागच्या नागपंचमीला पोरांनी आग्रह केला, म्हणून मारुतीच्या पारावर आम्ही एक साधी स्पर्धा ठेवली. पाण्याने भरलेले १५ लिटरचे डबे, तारेचे कान. शेतात पाण्यासाठी टाकतात त्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे कापले आणि तारेचं एक टोक सोडवून कानात ओवले. पाइप तारेवर मोकळा फिरतो; इंचच्या डंबेलची ही गरिबाघरची बहीण. एका हातात डबा, पारापासून चावडीपर्यंत चालायचं. पंधरा किलो म्हणजे काहीच नाही असं सगळ्यांना वाटलं. मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होतो. दंड थकला म्हणून कुणी डबा ठेवला नाही. करंगळी उघडली, तिच्या शेजारचं बोट उघडलं, आणि डबा खाली. हाताला कोरडी माती चोळून आलेले दोघं थोडे पुढे गेले, कारण घामाचा ओलावा जास्त झाला की कातडी घसरते.

बायका बाजूला उभ्या होत्या. त्यांतली एक, रोजाने कापूस वेचणारी, पुढे आली. तिने पाइप हातात घेऊन पाहिला. "हा माणसाईच्या पंज्याचा हाय. आमच्या मापाचा द्या न गुरुजी, मंग पाहा."

ती अगदी बरोबर होती आणि पेराँवर चिडणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. घरी ४० मिलिमीटरचा पाइप पडला होता. तो ओवून दिला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चावडीपर्यंत गेल्या आणि डबे न टेकवता परत आल्या. कापूस वेचणं हे मुठीचं काम नाही, चिमटीचं आहे. बोंडाच्या टोकदार कडा चुकवून तीन बोटांनी कापूस ओढायचा. शरीररचनातज्ज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे ताकदीची पकड आणि नेमकेपणाची पकड असे दोन प्रकार मांडले, त्यातला हा दुसरा. दिवसभर ते करणाऱ्या हाताला मूठही चांगली असू शकते, पण दांडी त्याच्या मापाची हवी.

त्या रात्री मी घरातले विळे, फावडं, कुऱ्हाड सगळं काढून कॅलिपर लावला. फावड्याचा दांडा ४१ मिलिमीटर. कुऱ्हाडीचा ३८. पत्नी वापरते त्या विळ्याची मूठ ३७. तिचा हात मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर, माझा १९. मूठ मात्र दोघांना एकच. एवढी वर्षं ती म्हणत होती की या विळ्याने हात भरून येतो आणि मी म्हणत होतो, धार लावून आणू.

सकाळी विळा घेऊन सुताराकडे गेलो. हातोड्याचा दांडा बसवताना गिऱ्हाइकाला मूठ मिटायला लावणारा हा माणूस. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम लागली पाहिजेत, एवढंच त्याचं माप. मी पत्नीच्या हाताचं माप कागदावर काढून नेलं होतं. त्याने कागद बाजूला ठेवला.

"गुरुजी, कागदाले काय पकडता येते काय? वहिनीले घेऊन या."

दुपारी ती आली. त्याने मूठ थोडी तासली, तिच्या हातात दिली, परत घेतली, पुन्हा तासली. चौथ्यांदा तिने विळा हातात फिरवून पाहिला आणि काही न बोलता पिशवीत टाकला. त्याआधी मी कॅलिपर लावला होता तेव्हा माप ३१ भरलं होतं.