डीकन जोन्स आणि १९८२ ची रेघ

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, पास फेकायच्या आत त्याला आडवं करणं म्हणजे सॅक. खेळाडूगणिक सॅकची अधिकृत नोंद एनएफएल ही तिथली लीग ठेवू लागली ती १९८२ पासून. बचावपटू डीकन जोन्स १९७४ च्या हंगामानंतरच थांबला होता. ज्या कामावर त्याचं नाव झालं, नेमक्या त्याच रकान्यात त्याच्यापुढे आजही अधिकृत आकडा नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. नागरी हक्कांच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून पहिल्या कॉलेजने शिष्यवृत्ती काढून घेतली. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, लॉस एंजेलिसच्या संघाने त्याला उचललं तेही चौदाव्या फेरीत. तिथे अकरा हंगाम, मग सॅन डिएगोत दोन, वॉशिंग्टनमध्ये एक. १९८० मध्ये हॉल ऑफ फेम.

त्याचं हत्यार म्हणजे ‘हेड स्लॅप’. चेंडू हलला रे हलला की क्वार्टरबॅकला राखणाऱ्या समोरच्या लाइनमनच्या हेल्मेटवर, कानापाशी, उघड्या पंजाचा तडाखा. लाइनमनचे डोळे क्षणभर मिटायचे आणि उघडेपर्यंत जोन्स बाजूने निसटलेला असायचा. १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. ती योग्यच होती म्हणा. तडाखे खाणाऱ्यांची बाजू फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही.

खरा गुंता ‘अनधिकृत’ या शब्दाचा. ‘सॅक’ हा शब्द आपणच रूढ केला, असं जोन्स सांगायचा. काही जण ते श्रेय त्याच्या प्रशिक्षकाला देतात. तो वाद मिटला नाही तरी चालेल. आकड्यांचं तसं नाही. अभ्यासकांनी सामन्यांच्या जुन्या नोंदी आणि फिल्म तपासून त्याची बेरीज १७३.५ वर आणली (दोघांनी मिळून केलेला सॅक प्रत्येकी अर्धा धरतात). हे काम लाडक्या खेळाडूच्या पदरात माप टाकायचं नव्हतं. जुन्या लिखाणात १९६७ साठी २६ सॅक आढळतात, तपासणीत ते २१.५ उरले. २०२१ मध्ये आकडेवारीच्या एका नावाजलेल्या संकेतस्थळाने १९६० पासूनचे असे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा जोन्सच्या पुढे दोघेच होते. तरीही बिरुद ‘अनधिकृत’च. त्याचा अर्थ इतकाच की मोजणी लीगने केलेली नाही; वाचणारा मात्र ‘संशयास्पद’ असा अर्थ लावतो.

हंगामांची लांबीही बदलली. जोन्सच्या काळात १४ सामने, १९७८ पासून १६, २०२१ पासून १७. त्यातच हल्ली पासही कितीतरी जास्त फेकले जातात, म्हणजे सॅकची संधीही जास्त. १९६४ मध्ये त्याने चौदा सामन्यांत २२ सॅक केले. २००१ मध्ये २२.५ चा अधिकृत विक्रम झाला, सोळा सामन्यांत. त्यातला शेवटचा सॅक आजही वादात आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उजवीकडे धावला आणि बचावपटू अंगावर यायच्या आतच स्वतःहून जमिनीवर बसला. वरून नुसता हात लागला. तो सॅक अधिकृत आहे. १९६४ चे बावीस नाहीत.