लिनक्सची मिनिमल इमेज: काय काढलं, कशासाठी, कुणाला गृहीत धरून

उबुंटू या लिनक्स सिस्टिमची मिनिमल इमेज, म्हणजे आधीच तयार केलेली पण छाटलेली सिस्टिमची प्रत, क्लाउडवर (भाड्याच्या दूरच्या यंत्रावर) सुरू करून एसएसएचने (दूरून लॉगिन करण्याच्या साधनाने) आत शिरलं की स्वागताच्या मजकुरात एक सूचना दिसते. तिचा आशय असा: ज्या सिस्टिमवर माणसं लॉगिन करत नाहीत तिला न लागणारी पॅकेजेस आणि मजकूर इथून काढलेला आहे, ते परत हवं असेल तर ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड चालवा. मॅन पेजेस (कमांडची मदतपानं) नाहीत, डॉक्युमेंटेशन नाही, भाषांतरं नाहीत. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०१८च्या जुलैमध्ये या इमेजेस आणल्या तेव्हा नेहमीच्या सर्व्हर इमेजपेक्षा आकार निम्म्याहून कमी आणि बूट ४० टक्क्यांपर्यंत जलद असं सांगितलं होतं. पण मला या आकड्यांपेक्षा ती सूचना महत्त्वाची वाटते. इमेज लहान करणं म्हणजे डिस्क वाचवणं, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी कात्री लावणाऱ्याने ‘हे यंत्र कोण वापरणार’ याचा एक अंदाज बांधलेला असतो. तो अंदाज गेल्या तीस वर्षांत पुरता बदलला, आणि आजच्या इमेजमध्ये काय आहे नि काय नाही याचा उलगडा त्या बदलातूनच होतो.

सुरुवात फ्लॉपीपासून. १९९५-९६च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांना डेबियन या लिनक्स सिस्टिमचा इन्स्टॉलर आणि बिघडलेली सिस्टिम दुरुस्त करण्याची साधनं १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत बसवायची होती. युनिक्समधली प्रत्येक छोटी कमांड ही एक स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फाइलीत तोच तो जोडकोड पुन्हा पुन्हा येतो. पेरेन्स यांनी सगळ्या कमांड एकाच बायनरीत कोंबल्या आणि प्रत्येक नावाची फक्त एक लिंक ठेवली. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे ती बायनरी बघते आणि तसं काम करते. एलएस म्हटलं तर यादी दाखवते, सीपी म्हटलं तर कॉपी करते. हीच बिझीबॉक्स. पुढे ती राउटरमध्ये गेली, सेट-टॉप बॉक्समध्ये गेली, आणि आजही अनेक कंटेनर इमेजेसमध्ये (कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम नि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, म्हणून आपल्यासमोर येते ती हीच.

फ्लॉपीवरून चालणारे लिनक्स राउटर ही तेव्हाची आणखी एक धारा. लिनक्स राउटर प्रोजेक्टमधून लीफ हा प्रकल्प निघाला आणि लीफमधून नातानाएल कोपा यांनी २००५मध्ये अल्पाइन लिनक्स सुरू केलं. सिस्टिम रॅममध्ये चढवायची, डिस्कला शक्यतो हात लावायचा नाही, फायरवॉल किंवा व्हीपीएनसारखं एकच काम नीट करायचं, असा तिचा बेत होता. क्लाउड तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. इथे कात्री लागली ती निव्वळ जागेच्या टंचाईपोटी, आणि वापरणारा माणूस मात्र समोर बसलेलाच होता.

सर्व्हरच्या जगात त्याच काळात उलट चाललं होतं. रेड हॅट किंवा डेबियन लावायचं म्हणजे सीडींचा गठ्ठा, आणि ‘लागलं तर असू दे’ म्हणून मेल सर्व्हरपासून गेमपर्यंत सगळं लावून मोकळं व्हायचं. तरी लहान करण्याची सोय डेबियनमध्ये आतच होती. प्रत्येक पॅकेजला प्राधान्यक्रम असल्यामुळे ‘रिक्वायर्ड’ आणि ‘इम्पॉर्टंट’ एवढीच पॅकेजेस एखाद्या फोल्डरमध्ये उतरवून चालती सिस्टिम उभी करता येते. हे काम डीबूटस्ट्रॅप करतो, आणि आजही डेबियन कुळातल्या बऱ्याच इमेजेसच्या तळाशी तो किंवा त्याच्याच धर्तीचं एखादं साधन असतं.

मग एका लोखंडी यंत्रावर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, नांदू लागली. व्हीएमवेअर होतंच, २००३मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं. आता तोच न लागणारा पसारा एकदा नाही, वीस व्हीएममध्ये वीस वेळा साठवला जाऊ लागला, वीस वेळा अपडेट करावा लागू लागला. उबुंटूने २००७मध्ये ‘जस्ट इनफ ऑपरेटिंग सिस्टिम’, म्हणजे जेईओएस, ही आवृत्ती काढली ती या दुखण्यावर. खऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर वगळलेला वेगळा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि लावल्यावर ३०० एमबीच्या आत बसणारी सिस्टिम. व्हीएममध्ये ना साउंड कार्ड असतं ना ब्लूटूथ, तर त्यांचे ड्रायव्हर तरी कशाला?

खरं वळण मात्र त्याआधी वर्षभर येऊन गेलं होतं. २००६च्या ऑगस्टमध्ये अॅमेझॉनने ईसी२ या भाड्याच्या आभासी यंत्रांची चाचणी सेवा सुरू केली. ताशी १० सेंट भाड्याने १.७ गिगाहर्ट्झ झिऑनच्या तोडीचा प्रोसेसर, १.७५ जीबी रॅम आणि १६० जीबी डिस्क. त्यात इन्स्टॉलर नव्हता. सीडी घालून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करायला समोर यंत्रच नव्हतं. आधीच तयार केलेली इमेज उचलायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती सुरू करायच्या.

वरवर सोपं वाटतं, पण यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. इमेज सगळ्यांना एकच. मग प्रत्येक यंत्राला त्याचं स्वतःचं नाव, स्वतःच्या किल्ल्या, मालकाचं लॉगिन कुठून मिळणार? पासवर्ड इमेजमध्येच ठेवावा तर तो सगळ्या जगाला माहीत होणार. यावरचं उत्तर म्हणजे १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता. यंत्राच्या आतूनच दिसणाऱ्या या पत्त्यावर ‘मी कोण’ असं विचारलं की क्लाउड त्याची ओळख सांगतो: इन्स्टन्सचा (सुरू केलेल्या यंत्राचा) क्रमांक, नेटवर्क, मालकाची सार्वजनिक किल्ली, आणि ‘यूजर डेटा’ म्हणून मालकाने दिलेला मजकूर. सुरुवातीला उबुंटूच्या इमेजेस स्वयंसेवकच बनवायचे. पुढे कॅनॉनिकलने ते काम हातात घेतलं, त्यासाठी ईसी२-इनिट हा प्रोग्रॅम लिहिला, आणि इतर क्लाउडनाही तो चालू लागल्यावर त्याचं नाव क्लाउड-इनिट झालं. आज जवळपास प्रत्येक मोठा क्लाउड त्याला ओळखतो.

पहिल्या बूटला काय घडतं ते जरा जवळून बघू. चांगल्या क्लाउड इमेजमध्ये मशीन-आयडीची (यंत्राच्या ओळखक्रमांकाची) फाइल मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या (यंत्राची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) काढलेल्या असतात. त्या तशाच राहिल्या तर हजार यंत्रांची ओळख एकच होईल, आणि एकाची किल्ली फुटली की हजारही उघडी पडतील. बूट होताच नव्या किल्ल्या घडवल्या जातात. इमेज दोन-तीन जीबीची आणि मालकाने डिस्क २० जीबीची घेतलेली असेल तर विभाजन आणि फाइल सिस्टिम ताणून पूर्ण डिस्कभर पसरवली जाते. होस्टनेम बसतं, मालकाची सार्वजनिक किल्ली योग्य यूजरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते, आणि मग यूजर डेटातली स्क्रिप्ट चालते. हे सगळं काही क्षणांत. मिनिमल इमेज स्वतः बनवणाऱ्या कुणालाही माझं सांगणं एकच असतं: किती एमबी वाचले ते नंतर मोजा, आधी होस्ट-किल्ल्या आणि मशीन-आयडी तपासा.

क्लाउड-इनिट पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे इमेज कितीही छाटली तरी अख्खा पायथॉन आत ठेवावा लागतो. अल्पाइनच्या मंडळींना हे पटेना, म्हणून त्यांनी टायनी-क्लाउड नावाचा निव्वळ शेल स्क्रिप्टचा पर्याय काढला. जमतं त्यात थोडंच, पण साध्या सर्व्हरला तेवढं पुरतं.

तोवर कामाची पद्धतच पालटली होती. २०१३च्या मार्चमध्ये कंटेनर चालवणारं डॉकर आलं आणि त्याच वर्षी कोअरओएस ही सिस्टिम. क्रोमओएसच्या पायावर उभ्या असलेल्या कोअरओएसमध्ये पॅकेज मॅनेजर नव्हताच. यूएसआरचं, म्हणजे सिस्टिमच्या प्रोग्रॅमांचं, विभाजन फक्त वाचण्यापुरतं आणि तेही दोन प्रतींत. एक चालू, दुसरीवर नवी आवृत्ती उतरते, रीबूट झाला की अदलाबदल. बिघडलं तर जुनी प्रत शाबूत. तुमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये राहणार, खालच्या सिस्टिमला तुम्ही हात लावायचा नाही. रेड हॅटने २०१८च्या जानेवारीत ही कंपनी २५ कोटी डॉलरला घेतली आणि २०२०च्या मे महिन्यात मूळ कोअरओएस बंद झालं, पण त्याच्यापासून निघालेल्या फ्लॅटकार या सिस्टिमने तो वारसा पुढे चालवला. २०२०मध्येच आलेल्या अॅमेझॉनच्या बॉटलरॉकेटने आणखी पुढचं टोक गाठलं: मूळ सिस्टिमवर शेलही नाही आणि पायथॉनही नाही, सेटिंग बदलायचं ते एपीआयमधून. आत जाऊन बघायचंच असेल तर त्यासाठी वेगळा अॅडमिन कंटेनर चालू करावा लागतो. पूर्वी सर्व्हर बिघडला की आपण आत जाऊन दुरुस्त करायचो. आता तो टाकून त्याच इमेजमधून दुसरा उभा करतो. लॉगिन करणारा माणूस हिशेबातून गेला तो इथे.

अल्पाइनचं नशीब उघडलं तेही याच काळात. २०१४च्या जूनमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत त्यांनी सी लायब्ररी (जिच्यावर जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम उभा असतो ती) बदलून मसल घेतली, आणि पाचेक एमबीची अल्पाइन इमेज कंटेनरवाल्यांची लाडकी झाली. त्याची किंमतही होती. पायथॉनची तयार बांधलेली पॅकेजेस ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी गृहीत धरून बनवलेली असत, ती मसलवर चालत नसत. साधं नमपाय हे गणिताचं पॅकेज लावायचं तरी आधी कंपायलर आणा, मग बराच वेळ बांधत बसा. मसलसाठी वेगळ्या पॅकेजांचं मानक २०२१मध्ये ठरलं तेव्हा कुठे हे सुसह्य झालं. मसलचा डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा भाग) तर २०२३पर्यंत टीसीपीवर जातच नसे, त्यामुळे मोठी उत्तरं अर्धवट यायची आणि कारण शोधताना माणसं हैराण व्हायची.

लहान म्हणजे सुरक्षित, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जे नाही त्यात छिद्र सापडत नाही, हे खरं. २०१४च्या सप्टेंबरमध्ये बॅश या शेलमधलं शेलशॉक नावाचं छिद्र बाहेर आलं तेव्हा बॅश नसलेल्या इमेजेस सहज वाचल्या. पण अल्पाइनच्याच अधिकृत डॉकर इमेजेसमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचा, पासवर्ड कित्येक आवृत्त्या रिकामा राहिला होता, हे २०१९मध्ये उघड झालं. आणि २९ मार्च २०२४ची एक्सझेडची घटना तर प्रत्येक सर्व्हर सांभाळणाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. माग काढत ते लिबएलझेडएमए या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेल्या चोरवाटेपाशी पोचले. आता ओपनएसएसएचला कॉम्प्रेशनच्या या लायब्ररीशी काय देणंघेणं? मूळ कोडमध्ये काहीच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्यांनी ‘मी तयार आहे’ एवढा निरोप सिस्टिमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) देता यावा म्हणून एसएसएचडीला (ओपनएसएसएचच्या सर्व्हरला) लिबसिस्टिमडी ही लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या शेपटाला धरून लिबएलझेडएमए आत येत होती. सुदैवाने हा कोड डेबियन, फेडोरासारख्यांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचला नव्हता. तो निरोप द्यायला ती लायब्ररी लागतही नाही. ओपनएसएसएचने काही महिन्यांतच ९.८मध्ये तिच्याशिवाय तो देण्याची सोय केली. लिबएलझेडएमए मिनिमल इमेजमध्येही असतेच. म्हणून पॅकेजं किती उरली हे मोजून भागत नाही, कोणता प्रोग्रॅम कुणाला धरून आत येतो ती साखळी बघावी लागते.

रोजच्या सवयीच्या गोष्टी गेल्या त्याची हळहळ प्रत्येक पिढीला वाटली. २०१४मध्ये सेंटओएस ७च्या मिनिमल इन्स्टॉलवर नेटवर्क बघण्याची आयएफकॉन्फिग कमांड सापडेना. आयपी कमांड शिकावी लागली. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या अॅमेझॉन लिनक्स २०२३मध्ये क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आणि आरसिसलॉग (नोंदी ठेवणारा) मुळात लावलेलेच नसतात; कामं सिस्टिमडी टायमरवर आणि लॉग जर्नलमध्ये. हे बदल मला योग्य वाटतात. दोन्ही पॅकेजं एका ओळीत परत आणता येतात.

भाषेच्या बाबतीत मात्र मराठी वापरणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला हवेत. मिनिमल इमेजमधून लोकेल, म्हणजे भाषेनुसारच्या सेटिंग्ज, आधी जातात. बऱ्याच कंटेनर इमेजेसमध्ये लँग हे व्हेरिएबल सेटच नसतं, म्हणजे पॉसिक्स हे इंग्रजी अक्षरांपुरतं लोकेल. पायथॉन ३.६पर्यंत अशा यंत्रावर देवनागरी छापायला गेलं की एनकोडिंगची एरर येऊन प्रोग्रॅम थांबे, ३.७पासून ते निस्तरलं. उबुंटूच्या क्लाउड इमेजेस सी.यूटीएफ-८ लोकेल देतात, त्यात अक्षरं नीट दिसतात, पण क्रम लागतो तो युनिकोडच्या अंकांनुसार. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. शब्दसूचीत किंवा शब्दकोशात हे चालत नाही. मसलवर तर लोकेलनुसार क्रमवारीची सोयच नाही. आयसीयू ही बहुभाषी मजकुराची लायब्ररी वापरून वाट काढावी, तर अल्पाइन ३.१६पासून, म्हणजे मे २०२२पासून, तिचा डेटा दोन पॅकेजांत विभागला आहे: आपोआप येतो तो २.६ एमबीचा, फक्त इंग्रजीचा. बाकी सगळ्या भाषा २९ एमबीच्या ‘आयसीयू-डेटा-फुल’मध्ये. ते पॅकेज आपणहून मागावं लागतं, आणि ते नसल्याची एररही बहुधा येत नाही, याद्या फक्त चुकीच्या क्रमाने लागतात. मराठी मजकूर सांभाळणारी इमेज बांधताना हे २९ एमबी आधीच धरून चालावं. डेबियन किंवा उबुंटूवर लोकेल्स पॅकेज लावून मराठीचं लोकेल तयार करून घ्यावं, आणि ळ ने सुरू होणारी नोंद क्वचितच सापडते म्हणून ‘काळ’, ‘काव’ आणि ‘काह’ अशा तीन शब्दांवर क्रमवारीची चाचणी घ्यावी. ‘काळ’ सर्वांत शेवटी आला तर लोकेल लागलं.