ल्वूफ–वॉर्सा संप्रदाय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलंडमध्ये उदयास आलेला विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा व आकारिक तर्कशास्त्राचा संप्रदाय. काझिम्येश त्वार्दोव्हस्की (१८६६–१९३८) हे त्याचे संस्थापक होत. यान वुकाशेविच (१८७८–१९५६), स्टानिस्वाव लेश्न्येव्हस्की (१८८६–१९३९), तादेउश कोतार्बिन्स्की (१८८६–१९८१), काझिम्येश आयदुक्येविच (१८९०–१९६३) आणि आल्फ्रेड टार्स्की (१९०१–१९८३) हे त्याचे प्रमुख प्रतिनिधी. बहुमूल्य (सत्य व असत्य यांहून अधिक मूल्ये मानणारे) तर्कशास्त्र, अंश-पूर्ण संबंधाचा आकारिक सिद्धांत आणि सत्याची अर्थवैज्ञानिक व्याख्या ही त्याची सर्वाधिक परिचित फलिते आहेत.

संप्रदायाचा आरंभ बहुतेक अभ्यासक १८९५ पासून मानतात. व्हिएन्नात जन्मलेले आणि तत्त्वज्ञ फ्रांट्स ब्रेंटानो यांचे शिष्य असलेले त्वार्दोव्हस्की त्या वर्षी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील ल्वूफ (आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह) येथे प्राध्यापक म्हणून आले. वॉर्सातील तर्कशास्त्रीय कार्यालाच संप्रदायाचा गाभा मानणारे मात्र आरंभ बराच पुढे, १९१५ मध्ये वॉर्सा विद्यापीठ पुन्हा सुरू होऊन वुकाशेविच तेथे गेले तेव्हापासून किंवा पहिल्या महायुद्धानंतर धरतात. पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण वॉर्सातील तर्कवेत्त्यांना पडलेले प्रश्न ल्वूफमध्येच मांडले गेले होते. सत्याविषयीच्या चर्चेच्या बाबतीत तर हे सातत्य विशेष स्पष्ट दिसते. संप्रदायाला एक समान सिद्धांत असा नव्हता. विचारांची सुस्पष्ट मांडणी आणि प्रत्येक मताच्या समर्थनाची जबाबदारी ही त्वार्दोव्हस्कींची शिस्त मात्र सर्वांनी स्वीकारली होती. व्हिएन्ना मंडळाशी (तार्किक अनुभववादी तत्त्वज्ञांच्या गटाशी) संप्रदायाचा संपर्क होता (१९३० मध्ये टार्स्की व्हिएन्नाला आणि रूडोल्फ कार्नॅप वॉर्साला गेले होते). तथापि पोलिश परंपरा त्या मंडळाहून जुनी आहे आणि सत्ताशास्त्रीय (अस्तित्वाच्या स्वरूपाविषयीचे) प्रश्न निरर्थक ठरवून बाजूला सारणे तिने सहसा मान्य केले नाही.

सत्याच्या चर्चेला त्वार्दोव्हस्कींच्या १९०० मधील सापेक्ष सत्यांवरील निबंधाने दिशा दिली. ‘पाऊस पडत आहे’ हे विधान आज सत्य आणि उद्या असत्य ठरते, म्हणून सत्य काल-स्थल-सापेक्ष आहे, या युक्तिवादाचे त्यांनी खंडन केले. त्यांच्या मते येथे वाक्य आणि त्या वाक्याने व्यक्त होणारा निर्णय यांची गल्लत होते. ल्वूफच्या विसोकी झामेक टेकडीवर उभे राहून कोणी हे वाक्य उच्चारतो तेव्हा त्याचा निर्णय विशिष्ट दिनांक, वेळ व स्थळ यांसह पूर्ण असतो आणि तो सत्य असेल तर सदैव सत्य असतो. बदलते ते संदिग्ध वाक्य, सत्य नव्हे.

ही निरपेक्षता भविष्यकालीन विधानांनाही लागू होते काय, यावर पुढील दशकात वाद झाला. कोतार्बिन्स्कींनी १९१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, सत्य एकदा झाले की कायम राहते, पण ते अनादी असेलच असे नाही. जे अद्याप ठरलेले नाही त्याविषयीचे विधान आज सत्यही नसते आणि असत्यही नसते, अन्यथा मानवी कृतीला वावच उरणार नाही. लेश्न्येव्हस्कींनी त्याच वर्षी याला उत्तर देऊन सत्य दोन्ही दिशांनी शाश्वत असल्याचा पक्ष मांडला. कोतार्बिन्स्कींनी पुढे आपले मत सोडले.

वुकाशेविच यांनी मात्र तोच धागा उचलला. ॲरिस्टॉटलच्या व्याघात-नियमाची (विधान व त्याचा नकार दोन्ही एकाच वेळी सत्य नसतात, या नियमाची) कठोर चिकित्सा त्यांनी १९१० मध्येच केली होती. पुढे वर्षभरानंतरच्या एखाद्या दिवशी आपण वॉर्सात असू की नाही हे आज ठरलेले नसेल, तर त्याविषयीच्या विधानाला सत्य (१) व असत्य (०) यांहून वेगळे तिसरे मूल्य (१/२) द्यावे लागेल, असे त्यांनी मांडले. या पद्धतीत १/२ मूल्याच्या विधानाचा नकारही १/२ च असतो आणि म्हणून ‘क किंवा क-नाही’ हे सूत्र सार्वत्रिक सत्य राहत नाही. मात्र ‘क आणि क-नाही’ यालाही तेथे १/२ मूल्य मिळते. उद्या युद्ध होईल आणि होणार नाही, हे संयुक्त विधान नुसते ‘अनिश्चित’ कसे, हा आक्षेप गंभीर आहे आणि मूळ तात्त्विक हेतूच्या दृष्टीने त्याचे पूर्ण निरसन झाले आहे असे म्हणता येत नाही. त्रिमूल्य तर्कशास्त्राच्या कालनिश्चितीबाबत सावध राहावे लागते. कल्पना १९१७ च्या सुमारास आकाराला आली असावी. ७ मार्च १९१८ रोजी वॉर्सा विद्यापीठात दिलेल्या निरोपाच्या व्याख्यानात तिचा उल्लेख आहे आणि प्रत्यक्ष मांडणी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. कझान येथील निकोलाय वासिल्येव्ह यांचे १९१० नंतरचे ‘काल्पनिक तर्कशास्त्र’ काही जण पूर्वसूरी मानतात. एमिल पोस्ट यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत स्वतंत्रपणे बहुमूल्य पद्धती प्रसिद्ध केल्या. अनिश्चिततावादाच्या (भविष्य आधीच ठरलेले नसते या) तात्त्विक भूमिकेतून आकारिक मूल्यसारणीपर्यंत जाण्याचे श्रेय वुकाशेविच यांनाच देणे योग्य होय. कंसांची गरज न ठेवणारी, जोडचिन्ह विधानांच्या आधी लिहिण्याची ‘पोलिश लेखनपद्धती’ हीही त्यांचीच.

लेश्न्येव्हस्कींनी गणिताच्या पायासाठी तीन परस्परसंबद्ध पद्धती उभारल्या. त्यांपैकी अंश-पूर्ण संबंधाची पद्धती १९१६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. वाक्यघटकांच्या अर्थकोटींविषयीची (अर्थानुसार पडणाऱ्या प्रकारांविषयीची) त्यांची काटेकोर भूमिका टार्स्कींच्या कार्याची पूर्वपीठिका आहे.

टार्स्की हे लेश्न्येव्हस्कींचे विद्यार्थी; त्यांना १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. निगमनात्मक शास्त्रांच्या भाषांतील सत्य-संकल्पनेवरील त्यांचा प्रबंध १९३३ मध्ये वॉर्सात पोलिशमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३५ च्या जर्मन अनुवादामुळे सर्वत्र पोहोचला. ‘जे आहे ते आहे म्हणणे म्हणजे सत्य’ या ॲरिस्टॉटलच्या, आणि कोतार्बिन्स्कींनी नव्याने मांडलेल्या, धारणेला नेमके रूप देणे हा त्यांचा उद्देश होता. कोणतीही व्याख्या स्वीकारार्ह ठरण्यासाठी त्यांनी कसोटी घातली: ‘‘‘बर्फ पडत आहे’ हे वाक्य सत्य आहे, जर आणि केवळ जर बर्फ पडत असेल,’’ या नमुन्याचे विधान त्या भाषेतील प्रत्येक वाक्याबाबत व्याख्येतून निष्पन्न झाले पाहिजे. वाक्ये अगणित असल्याने अशा विधानांची नुसती यादी करता येत नाही. म्हणून टार्स्कींनी आधी वस्तूंच्या क्रमाने (म्हणजे सूत्रातील चलांच्या जागी ओळीने एकेक वस्तू घेतल्यास) सूत्राचे ‘समाधान’ होणे ही संकल्पना साध्या सूत्रांपासून संयुक्त सूत्रांपर्यंत पायरीपायरीने व्याख्यात केली. ज्या वाक्याचे समाधान वस्तूंच्या प्रत्येक क्रमाने होते ते सत्य. ‘हे वाक्य असत्य आहे’ असा जुना विरोधाभास टाळण्यासाठी ज्या भाषेविषयी बोलायचे ती विषयभाषा आणि जिच्यात बोलायचे ती अधिभाषा वेगळी ठेवावी लागते, आणि अधिभाषा अधिक समृद्ध असावी लागते. दैनंदिन भाषेत हा भेद नसल्यामुळे तिच्यासाठी सुसंगत व्याख्या देता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थकोटींची पातळी अनंतापर्यंत चढत जाणाऱ्या भाषांसाठी व्याख्या अशक्य आहे हे मूळ प्रबंधातील मत त्यांनी जर्मन आवृत्तीच्या पुरवणीत, लेश्न्येव्हस्कींच्या अर्थकोटींचे बंधन सोडून, बदलले.

पुरेशा समृद्ध भाषेचे सत्य त्याच भाषेत व्याख्यात करता येत नाही, या प्रमेयाच्या अग्रक्रमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. टार्स्कींच्या निवेदनानुसार प्रबंधाचा बहुतांश भाग १९२९ पर्यंत तयार होता आणि २१ मार्च १९३१ रोजी वुकाशेविच यांनी तो वॉर्सा विद्वत्‌ सभेपुढे ठेवला. पण त्या वेळी त्यात या प्रमेयाच्या दिशेने केवळ काही अनुमाने होती आणि तर्कवेत्ते कुर्ट ग्योडेल यांची (सूत्रांना संख्या नेमून देण्याची) पद्धत हाती आल्यावर सिद्धता जोडली गेली. ग्योडेल यांनाही हा निष्कर्ष ठाऊक होता, हे त्यांच्या १९३१ मधील पत्रव्यवहारावरून दिसते. शोध दोघांचा स्वतंत्र आणि प्रसिद्ध मांडणी टार्स्कींची, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

टार्स्कींची व्याख्या वस्तुस्थितीशी अनुरूपतेचा सिद्धांत आहे की तात्त्विकदृष्ट्या तटस्थ आहे, याविषयीही मतभेद आहेत. कार्ल पॉपर यांनी ती अनुरूपतावादाचे पुनरुज्जीवन म्हणून स्वीकारली. इतरांना तीत सत्याच्या स्वरूपाविषयी काही सांगितलेलेच दिसत नाही. त्वार्दोव्हस्कींपासूनची परंपरा ध्यानात घेतली तर पहिल्या अर्थाकडे कल झुकतो. मारिया कोकोशिन्स्का (१९०५–१९८१) यांनी १९३६ मध्येच, भाषासापेक्ष व्याख्येनंतर निरपेक्ष सत्याची संकल्पना टिकते काय, हा कळीचा प्रश्न तपासला होता.

आयदुक्येविच यांचे १९३५ मधील वाक्यरचनेचे विश्लेषण कोटिव्याकरणाचा (शब्दांच्या कोटींवरून वाक्याची जुळणी ठरवणाऱ्या व्याकरणाचा) पाया ठरले. भारतीय वाचकांच्या दृष्टीने वॉर्सातील भारतविद्यातज्ज्ञ स्टानिस्वाव शायर (१८९९–१९४१) उल्लेखनीय आहेत; त्यांनी वुकाशेविच यांच्या प्रभावाखाली न्यायदर्शनातील अनुमानाचा आधुनिक तर्कशास्त्राच्या साहाय्याने अर्थ लावला.

दुसऱ्या महायुद्धात संप्रदायाची अपरिमित हानी झाली. आडोल्फ लिंडेनबाउम, यानिना होसियासोन-लिंडेनबाउम, मोर्देखाय वाइसबेर्ग आणि मोझेश प्रेसबुर्गर हे ज्यू तर्कवेत्ते नाझींच्या नरसंहारात बळी पडले. १९४४ च्या वॉर्सा उठावात लेश्न्येव्हस्कींची हस्तलिखिते नष्ट झाली. ऑगस्ट १९३९ मध्ये अमेरिकेस गेलेले टार्स्की पुढे बर्कली येथे, तर वुकाशेविच १९४६ पासून डब्लिन येथे कार्यरत राहिले. पोलंडमध्ये आयदुक्येविच यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये ‘स्टुडिया लॉजिका’ हे नियतकालिक सुरू झाले आणि कोतार्बिन्स्की १९५७ ते १९६२ या काळात पोलिश विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.