पिशवीतली माती गप्प बसत नाही

वळवाची सर पडून गेल्यावर मी एकदा माती परीक्षणासाठी शेतातली माती काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घट्ट गाठ मारली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली. प्रयोगशाळेत जाणं आठ दिवसांनी झालं. गाठ सोडली तर आतून पाण्याचे थेंब आणि डबक्यासारखा वास. नमुना वाया गेला होता. चूक अर्थात माझीच.

सूक्ष्मजीवांना शेत काय नि पिशवी काय, ओल आणि ऊब मिळाली की त्यांचं काम सुरूच. ते सेंद्रिय पदार्थ कुजवतात, त्यातल्या नत्राचं (नायट्रोजनचं) आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं. म्हणजे शेतात नसलेलं नायट्रेट पिशवीत तयार होतं. माती चिखलासारखी असेल आणि हवा संपली, तर उलटा खेळ: काही जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. आपल्याकडे नत्राचा अंदाज बरेचदा सेंद्रिय कर्बावरून, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतल्या कार्बनवरून बांधतात, म्हणून हा घोळ अहवालात चटकन दिसत नाही. नायट्रेट थेट मोजायचं असेल तर मात्र माती बर्फाच्या डब्यातून न्यावी आणि 4 अंश सेल्सिअसला ठेवावी. तिथेही हे काम मंदावतं, थांबत नाही.

मग वाळवली की प्रश्न मिटला? तसंही नाही. वाळताना बरेच सूक्ष्मजीव मरतात. चाचणीच्या द्रावणात माती भिजली की त्यांच्या पेशींतला स्फुरद (फॉस्फरस) बाहेर येतो आणि आकडा थोडा फुगतो. पालाशचं (पोटॅशियमचं) गणित आणखी तिरपागडं आहे. चिकणमातीच्या कणांमधल्या थरांत अडकलेला पालाश वाळताना सुटतो, पण मातीत आधीच भरपूर पालाश असेल तर तोच थरांत अडकूनही बसतो. वाळवून ठेवलेल्या मातीत उपलब्ध मंगलही (मँगनीज) वाढलेलं दिसतं.

तरीही वाळवायचंच, कारण खतांच्या शिफारशींचे तक्ते वाळवलेल्या मातीवरच बेतलेले असतात. फक्त सावलीत, कागदावर पातळ पसरून. लवकर उरकावं म्हणून तव्यावर भाजणारेही पाहिलेत! आणि खताच्या रिकाम्या गोणीवर पसरू नका. गोणीला चिकटलेले चार दाणे अर्धा किलोच्या नमुन्यात मिसळले, तर अहवाल शेताचा नव्हे, गोणीचा येईल.